आता तुम्ही सांगा

"बंद कर आधी ते!" चपला काढायच्या आतच मास्तरांनी आरोळी ठोकली.

स्वयंपाकघरात बायको भाजी निवडत बसली होती. डब्याला टेकवून ठेवलेल्या तिच्या फोनमधून एका बाईचा आवाज येत होता. घरबसल्या परकी भाषा शिकवणारे धडे. बाईने त्या भाषेत एक वाक्य दोनदा म्हटलं, मग आपल्या भाषेत म्हणाली, "तुम्हाला काय आवडतं? आता तुम्ही सांगा." आणि गप्प झाली. बायकोने हातातली जुडी तशीच धरून काहीतरी अगम्य उत्तर दिलं. वर हसलीसुद्धा. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मास्तर गाडी शिकवायचे. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्याही पायाशी एक ब्रेक असतो, आणि यांचा पाय त्यावरून कधी उठलाच नाही. शिकणारा बिचारा आरशात बघतो न बघतो, तोच कचकन ब्रेक. "मास्तर, मला दाबू तरी द्या की!" असं कुणी म्हणालं, तर मास्तर म्हणायचे, "तुम्ही दाबेपर्यंत आपण दोघं वर पोचू." एवढ्या वर्षांत एक अपघात नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

आज सकाळी मागच्या गल्लीतली एक बाई गाडी वळवता वळवता सहज बोलून गेली, "वहिनी लेकीकडे चालल्या वाटतं? खिडकीतून रोज धडे ऐकू येतात." झालं. तिचा तास अर्ध्यावर टाकून मास्तरांनी तडक घर गाठलं.

लेक परदेशात नोकरीला होती. मध्यंतरी फोनवर म्हणाली होती, "आई, ये ना माझ्याकडे. राहा चांगली चार-सहा महिने." बायको तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले होते, "तिला थंडी सोसत नाही." विषय संपला. निदान मास्तरांच्या मते तरी संपला. आणि आता ही बया गुपचूप तयारीला लागलेली! आपल्याला टाकून जाणार! मग या घरात आपण एकट्याने खायचं काय आणि बोलायचं कुणाशी? या विचाराने त्यांचा राग आणखीच चढला.

"माझ्या पाठीमागे कारस्थानं करतेस?" मास्तर कडाडले. "कुणी चढवलं तुला? लेकीनेच चढवलं असणार. तिकीट काढलंस की नाही? काढलंच असशील!"

"अहो, ऐका तरी..."

"काय ऐकायचंय? दिसतंय सगळं! गुडघे धड नाहीत, आणि निघाल्या विमानात बसायला!"

"गुडघे ठणठणीत आहेत माझे," बायको म्हणाली. "खांदा दुखत होता. डॉक्टरांनी मला विचारलं आणि गुडघा सांगितलात तुम्ही. ते गुडघ्याचं मलम खांद्याला चोळत होते मी."

मास्तर जरा गडबडले. पण माघार घेतील तर ते मास्तर कसले? त्यांनी खिशातून आपला फोन काढला, लेकीला लावला आणि स्पीकर सुरू केला. आज सोक्षमोक्षच लावायचा होता.

"आईला तिकडची भाषा शिकवून पळवून नेतेस काय गं?" लेकीने हॅलो म्हणायच्या आत सरबत्ती सुरू झाली.

"मी? कुठली भाषा? ऐकवा बघू."

बायकोने धडा पुन्हा लावला. फोनमधली बाई बोलली. लेक दोन वाक्यं ऐकून हसायलाच लागली.

"बाबा, ही आमच्याकडची भाषाच नाही! ही बोलतात तो देश इथून कुठल्या कुठे. तिथे आपल्याला काळं कुत्रंसुद्धा ओळखत नाही."

कुठली भाषा, हे मास्तरांनी विचारलंच नव्हतं. मग सगळा संताप पुन्हा बायकोकडे वळला.

"मग कशाला शिकतेस गं? कोण बसलंय तिथे तुझं? वेळ जात नाही म्हणून? का शेजारणींवर छाप पाडायला? काय देते ती बाई तुला? डोंबलाचं देतेय!"

बायकोने जुडी खाली ठेवली.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "ती बाई प्रश्न विचारते. आणि मग गप्प बसते, मी उत्तर देईपर्यंत. या घरात एवढं कुणी केलं नाही माझ्यासाठी. मग भाषा कुठली का असेना मेली!"

लेकीचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"आई," ती स्पीकरवरून म्हणाली, "मी तुला विचारतेय. येशील माझ्याकडे?"

"तिला थंडी..." मास्तरांच्या तोंडून निघालंच.

बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते थांबले. लेकही काही न बोलता थांबली.

"येते," बायको म्हणाली. "काढ तिकीट."

मास्तरांचा पाय फरशीवर कचकन दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.