न उडालेला बार

केंटकीतल्या ठासणीच्या बंदुकांच्या मेळ्यात लेनोराची सातवी गोळीही हुकली. बंदूक उसनी होती, बाकी सारं तिने घरीच केलं होतं: जुन्या बुटाच्या चामड्याचा बटवा, बंदुकीची दारू ठेवायला खाटकाकडचं शिंग, चुलीवर ओतलेल्या शिशाच्या गोळ्या.

"असल्या स्वस्तातल्या सामानाने नेम लागणार कसा? महागडं मला झेपत नाही. सोडते मी हा नाद!"

"शेवटची एक मार, पोरी. मी ठासून देतो," शेजारी उभा असलेला म्हातारा नेमबाज वर्जिल म्हणाला.

तिने चाप ओढला. चकमकीच्या ठिणग्या उडाल्या, नळी वीतभर खाली गेली, पण बार झालाच नाही.

"बघा! दारूसुद्धा सर्दावलीय माझी!"

"दारू मी घातलीच नव्हती," वर्जिल हसला. "मग नळी कशाला दचकली?"