यंदाचे ससाणे

थंडीच्या तोंडावर दूरदेशी निघालेले ससाणे आणि गरुड ती दोघं नवरा-बायको दरवर्षी गच्चीत बसून मोजायची आणि आकडे वनखात्याला कळवायची. तो दुर्बिणीतून बघून सांगायचा, ती हातातल्या मोजणी-यंत्राची कळ दाबायची. यंदा त्याची नजर पार गेली, म्हणून कामांची अदलाबदल झाली.

"दिसतायत का गं?" कळीवर अंगठा ठेवून तो सारखा विचारायचा.

आभाळ धुतल्या ताटासारखं रिकामं होतं. पण त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना.

"आले हो, आले! सात ससाणे, मागे दोन गरुड. दाबा, दाबा! झोपलात की काय?"

"म्हटलं नव्हतं? उशीर करतील, पण चुकायचे नाहीत. अगदी तुझ्या माहेरच्यांसारखे!"

तो असा खुलायचा, की दुसऱ्या दिवशी तिला आणखी चार जास्त दिसायचे.

हंगाम संपल्यावर वनखात्याचे साहेब स्वतः आभार मानायला घरी आले.

"काका, तुमच्या मोजणीनं मोठा प्रश्न सोडवला बघा. पक्षी एवढे वाढलेत म्हटल्यावर त्यांच्या मुक्कामाची टेकडीवरची झाडं राखायची गरजच उरली नाही, उद्यापासून तोडायला घेतोय."