बिरोबाची आण

डॉक्टरांनी पट्टी सोडली, गुडघ्याकडं बघितलं आणि धुळाप्पाला एकच विचारलं, "बिडी चालू आहे?"

"बिरोबाची आण. आपरेशनआधी सोडली ती सोडली."

डॉक्टर रेणुकाबाईकडं वळले. "टाक्यांतून अजून पाणी येतंय. बिडीनं रक्त नीट पोचत नाही, जखम भरत नाही. आत पू झाला तर बसवलेला सांधा काढावा लागेल. लक्ष ठेवा."

ते पुढच्या खाटेकडं गेले आणि रेणुकाबाईनं नवऱ्याच्या गुडघ्यावर चादर ओढली. काढावा लागेल! मग गावी, निर्ण्याला जाऊन हा माणूस बाजेवर बसून मेंढरं राखणार?

नवऱ्याच्या शब्दावर तिचा कधीच भरवसा नव्हता, पण मेंढरामागं हयात गेलेला माणूस बिरोबाची खोटी आण घेत नसतो. तरी तिनं उशी झाडली, रुमालाची घडी उलगडली, त्याच्या मिशा हुंगल्या. साधी काडेपेटी सापडली नाही.

"पोलिसात जायाची व्हतीस," धुळाप्पा हसला.

"हसा. पाय गेल्यावर बी असंच हसा."

मन थाऱ्यावर येईना. निदान तोंड तरी धुवावं म्हणून तिनं पिशवीतून मिसरीची डबी काढली. गुलबर्ग्याला निघताना तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, कुटून तिनं ती गच्च भरली होती. आता बोट तळाला लागलं. राहिलेली चिमूट दाताला लावता लावता तिची नजर शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या म्हाताऱ्या रुद्रम्मावर गेली.

"अक्का, माजी मिसरी घेतलीस का?"

म्हातारीनं बोळकं उघडून दाखवलं. "लावू कुठं, बाई?"

रेणुकाबाई सावकाश नवऱ्याकडं वळली. "आ करा."

धुळाप्पानं तोंड घट्ट मिटलं. तिनं त्याचा खालचा ओठ ओढला. हिरड्या काळ्याकुट्ट.

"बिडी कुठं ओढलो?" तो पुटपुटला. "दात घासलो. तू जल्मभर घासायलीस की. डाक्टर बिडी म्हणले. मिसरीला कोण तंबाखू म्हणतंय?"

कोणीच म्हणत नव्हतं. तीसुद्धा नाही. संताप असा आला की मुस्काटात द्यावी, आणि त्याहून जास्त भीती वाटली. पण तोवर तोंड मिसरीच्या थुंकीनं भरलं होतं. थुंकल्याशिवाय शिवीही देता येईना.

तेवढ्यात डॉक्टर माघारी आले. "काय काकू, सापडली बिडी?"

तिनं डबी त्यांच्या हातावर ठेवली. डॉक्टरांनी झाकण काढून वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तंबाखूच आहे ही. यांना कोणी आणून दिली?"

रेणुकाबाईला तोंड उघडता येईना. तिनं नुसतं आपलं काळं बोट वर केलं.