हललं की लाल

पडद्यावर शिंपीकाकांचा पाय लालबुंद उमटला, अगदी अंगठ्याच्या टोकापर्यंत, आणि शिंपीकाकूंचा जीव भांड्यात पडला. लाल म्हणजे रक्त वाहतंय, निळं म्हणजे आटलंय, एवढं त्यांना बाहेरच्या बाकावर कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. मग त्यांनी नवऱ्याला, भिंतीला आणि मशीनलाही ऐकवलं की डॉक्टरांना उगाच कापाकापीची घाई.

मशीनवाल्या ताईंना मात्र चैन पडेना. टेबलावरचा अंगठा काळा ठिक्कर, आणि पडद्यावर लाल? पायावर लेसरचा उजेड पाडायचा आणि कातडीखाली रक्त किती धावतंय ते कॅमेऱ्याने मोजायचं, असं ते मशीन. तसं हुशार, पण एका बाबतीत अगदीच भोळं. जे हलेल ते त्याला रक्तच वाटतं. म्हणून तर ताई येईल त्याला बजावायच्या, पाय हलवू नका, नाहीतर खोटं लाल येतं.

त्यांनी टाचेखाली उशी सरकवली. पुन्हा लाल. दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावल्या. पुन्हा लाल. त्यात सर्जनचा फोन, कुठून कापायचं ते लवकर सांगा. बाहेर रांग, आत काकूंची टकळी. ताईंनी वैतागून घोट्यावर हात ठेवला आणि तिथेच त्यांना कळलं. पायात बारीक थरथर चालू होती, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. म्हातारपणाची म्हणावी, तर दुसरा पाय एकदम गप्प. शिंपीकाका डोळे मिटून, दात आवळून पडले होते.

घ्या, म्हणजे युक्ती आपणच शिकवली! ताईंनी काकूंना केसपेपरवर शिक्का आणायला पिटाळलं.

"काका, मुद्दाम हलवताय ना?"

काकांनी डोळे उघडले नाहीत. "लाल आलं तर पाय राहतो म्हणतात."

ताईंना रागही आला आणि रडूही. या खोट्या लालवर आज नुसता अंगठा काढून घरी जाल, त्या म्हणाल्या, आणि मागे राहिलेलं सडत वर चढलं की जिवावर बेतेल. काकांनी ऐकून घेतलं. चाळीस वर्षं याच पायाने शिलाईचं मशीन मारलंय, एवढंच पुटपुटले. थरथर काही थांबली नाही.

"मशीनला फसवाल हो," ताई म्हणाल्या. "सडक्या बोटाला कसं फसवणार?"

फोन पुन्हा वाजला, ताईंनी उचलला नाही. मग हाताखालचा पाय थांबला. काकांनी श्वाससुद्धा रोखला, आणि पडद्यावर निळं चढायला लागलं. बोटं गेली. चवडा गेला. आता बस, आता बस, असं ताई मनातल्या मनात म्हणत होत्या. पावलाच्या मध्यावर ते थांबलं. टाच आणि घोटा लाल राहिले, खरे लाल. ताईंनी तिथे रेघ मारली आणि चित्र सर्जनकडे पाठवलं. पुढचं अर्धं पाऊल जाईल, त्यांनी काकांना सांगितलं, पण टाच राहील.

बाहेर काकूंचा आवाज ऐकू आला तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "तुमचं झालं ना? आता हलवला तर चालेल?"

"चालेल."

काकू शिक्का मारलेला कागद नाचवत आत आल्या आणि थेट पडद्यापाशी गेल्या. पाय पुन्हा टोकापर्यंत लाल होता.

"बघा," त्या म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते?"

पडदा बंद करायला ताईंचा हात बटणाकडे गेला. काकांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. काकूंनी खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्या नीट टेकून बसल्या. काका पाय हलवत राहिले.