शिळं पाणी

मासा कुशीवर पडला होता आणि काचेची टाकी ताज्या पाण्यानं काठोकाठ भरली होती.

भुवनेश्वरीनं दवाखान्यात दिराला न्यायचा डबा खाली ठेवला आणि टाकीवर नाक नेलं. क्लोरीनचा वास भपकन आला. आज चार दिवसांनी पेठेत नळाला पाणी आलं होतं. पाणी आलं की घरातलं शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं, ही सोलापूरची घरोघरची रीत. पण माशाला ताजं पाणी म्हणजे विष, हे तिनं सासूला घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं.

"आत्या, टाकीत नळाचं पाणी कुणी ओतलं?"

"मी," देव्हाऱ्यापुढून सावित्रम्मा म्हणाली. "हात लावू नगंस. जाऊ दे त्याला."

"मरेल की तो!"

"मरू दे. त्यासाठीच आणलाय न्हवं? घरावर आलेलं संकट मासा आपल्या अंगावर घेतोय. तुज्या मामांचा, आमच्या मालकांचा अपघात झाला तवा एक मेला, मामा वाचले. आता माजा महेश्वर तितं मशीनवर पडलाय आन् ह्यो हितं मजेत पोहतोय. कुनीतरी एक जायलाच पायजे की."

भुवनेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा डेंग्यूनं दवाखान्यात, आणि ही बाई माशाच्या जिवावर उठलेली! ती लग्न होऊन आली तेव्हा या घरात मासे पटापट मरायचे. सावित्रम्मा टाकी साबणानं घासायची, नळाखाली धरायची, आणि मासा मेला की हात जोडायची, चला, एक संकट टळलं! भुवनेश्वरीनं सगळा कारभार हातात घेतला. टाकीतलं थोडंच पाणी बदलायचं. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. खाणं चिमूटभर, आणि अधूनमधून जिवंत खाऊ, त्यानं रंग खुलतो. जिन्याखाली तिनं माशाच्या पाण्याचं निळं पिंप ठेवलं होतं. ते कायम भरलेलं आणि कायम उघडं, क्लोरीन उडून जावा म्हणून. सासू येता-जाता त्यावर झाकण घालायची, ही काढायची. त्या झाकणावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी दागिन्यांवरून झाली नसतील.

पण मासा असा वाढला की बघत राहावं. तळहाताएवढा, तांबडालाल, कपाळावर टेंगूळ. महेश्वरला त्याचं भारी कौतुक. दवाखान्यात शुद्ध हरपण्याआधी त्यानं विचारलं होतं, "मासा बराय ना गं?" आणि तिनं सांगितलं होतं, "तुमची वाट बघतोय."

ती बादली घेऊन जिन्याखाली धावली. सावित्रम्मानं तिचं मनगट धरलं.

"पाया पडते तुज्या. एवढा एक मरू दे."

"पाण्यानं मासा मरतो आत्या, माणूस नाही वाचत!" तिनं हात हिसडला. टाकी निम्मी उपसली, पिंपातलं शिळं पाणी ओतलं, पुन्हा उपसली, पुन्हा ओतलं. मासा हळूहळू सरळ झाला. कल्ले हलायला लागले. तिला रडू फुटलं, इतका आनंद झाला.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून धाकटा दीर शिवयोगी बोलत होता. "वैनी," एवढंच म्हणाला आणि हुंदके द्यायला लागला.

त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सावित्रम्मा टाकीसमोर उभं करायची. "ह्यो बगा. माज्या लेकाच्या वाटचं जगतोय. मासा मेला असता तर माजं लेकरू वाचलं असतं. हिनं मरू दिला न्हाय." येणारे भुवनेश्वरीकडं चोरून बघायचे. तिनं मान खाली घातली नाही. अडाणीपणाला किती उत्तरं द्यायची? डेंग्यू आला तो समोरच्या तुंबलेल्या गटारीतून, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. घर तर तिनं आरशासारखं ठेवलं होतं.

महापालिकेच्या आरोग्य खात्याची बाई आली तेव्हा तिनंच पुढं होऊन गटार दाखवली.

"तितं न्हाय ओ ताई," बाई म्हणाली. "डेंग्यूचा डास घाणीत अंडी घालत न्हाय. त्याला चांगलं, साठवलेलं पाणी लागतंय. उघडं काय हाय का घरात?" आणि ती वाकून जिन्याखाली टॉर्च मारायला लागली. "अगं बाई! ह्या अळ्या कवापासनं हायत?"

"त्या असतातच," भुवनेश्वरी सहज म्हणाली. "चहाच्या गाळणीनं काढून माशाला घालते मी. जिवंत खा..."

 बाईनं पिंप आडवं केलं. पाणी धो धो करत अंगणभर पसरलं, आणि फरशीवर अळ्या वळवळायला लागल्या. महेश्वर रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्या पिंपाशेजारी, जिन्याच्या पायरीवर बसायचा. कामावरून आल्यावर तिथं गार वाटतं म्हणायचा.

भुवनेश्वरी त्याच पायरीवर बसली. आत कुणीतरी पाहुणे आले होते आणि सावित्रम्माचं पुन्हा सुरू झालं होतं. मासा मेला असता तर माजं लेकरू वाचलं असतं. सून आता फाडकन काहीतरी बोलणार म्हणून शिवयोगी दारातच थांबला.

"खरंय आत्या," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "मासा आधीच मेला असता तर हे वाचले असते."