वहिवाट

भुकूमच्या आमच्या सोसायटीनं मागची भिंत बांधली आणि पलीकडच्या शेतात जायची कोंडाजींची आजोबांपासूनची वाट बंद झाली. गेली चार वर्षं ते दर मीटिंगला दाराशी येऊन सांगतात, "भिंतीत येक दार ठिवा. शेतात जायाला लई लांबचा वळसा पडतोय." आम्ही दर वेळी म्हणतो, "विषय नोंदवून घेतलाय, काका."

गेल्या महिन्यात वृषालीचा कुत्रा, मोचा, त्याच भिंतीशी बसून केविलवाणा रडायला लागला. प्राण्यांच्या मनातलं ओळखणाऱ्या एका बाईंना तिनं त्याचा फोटो पाठवला. बाईंनी त्या फोटोशी तासभर संवाद साधून कळवलं, "भिंतीमुळे त्याचा कोंडमारा होतोय. त्याला पलीकडे जायचंय."

वृषालीनं मीटिंगमध्ये तो मेसेज वाचून दाखवला, तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावले. रविवारपर्यंत भिंतीत मोचाच्या मापाचं दार झालंसुद्धा.

सोमवारी कोंडाजींनी वृषालीच्या हातात स्वतःचा पासपोर्ट साईजचा फोटो ठेवला.

"ह्यो त्या बाईंना धाडा. म्हंजी मी काय म्हनतोय, त्ये तुमाला कळंल."