दानाचं कपाट

तांदूळ द्यायला वसुधाताईंनी कपाटावर हात टेकवला, तर कपाट बोललं, "सर्वांत जास्त भूक तुमची. आधी तुम्ही जेवा."

वस्तीतलं हे दानाचं कपाट तळव्यावरून भूक ओळखायचं, आणि सर्वांत उपाशी माणूस जेवेपर्यंत दुसऱ्या कुणाला दार उघडायचं नाही.

मागे शेवंता काल रात्रीपासून उपाशी असलेली लेक कडेवर घेऊन उभी होती. "ताई, दोन घास खा, म्हणजे हिचा नंबर लागंल."

वसुधाताईंचा दशमीच्या सकाळपासून धरलेला एकादशीचा निर्जळी उपास होता, अकरा वर्षांत एकदाही न मोडलेला.

"अगं, उद्या सकाळी सोडतेच ना मी," त्या मायेनं म्हणाल्या आणि त्यांनी आणलेले तांदूळ दान टाकायच्या झरोक्यातून आत ओतले. बंद दाराआड ते पडत होते, तो आवाज पोरगी कान देऊन ऐकत राहिली.